तिवडा शब्दाचे चार अर्थ

साखळी,
२४ नोव्हेंबर १९८६

चि. शेवंती हिस अनेक आशीर्वाद.

नारळ खवून झाला होता, पेज वैलावर होती आणि मी ओल्या लाकडाशी झगडत होते. पोदेर हॉर्न वाजवत गेला, म्हणून मी पदर खोचून बाहेर धावले आणि चार पाव घेतले. परत आले तर चूल पुन्हा विझलेली. गुरुवार होता, ह्यांच्या सुट्टीचा. हे जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, तो पुठ्ठा गेलेला कोश मांडीवर घेऊन बसले होते. मी फुंकणी टाकली आणि म्हणाले, "घरात सुकं लाकूड नाही. तुमच्या शब्दांनी चूल पेटते काय?" ह्यांनी कोश मिटला. "बरा, जातंय तर कामार," म्हणाले, खुंटीवरचा शर्ट घेतला आणि गेले. पाव तसेच राहिले.

हे तुला मी कितव्यांदा सांगते आहे ठाऊक नाही. परवा ह्यांच्या वर्षश्राद्धाला तू आलीस तेव्हा सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पत्रात आलंच.

बाकी जग जे सांगतं ते तू ऐकलं आहेस. ह्यांच्या जोडीचा ड्रायव्हर बाबली तापाने घरी होता, त्याची खनिजाची गाडी खाणीवर मोकळी उभी होती. हे सुट्टीच्या दिवशी रागाने कामावर गेले, ती गाडी घेतली आणि उतारावर जोरात हाकली, ती उलटली. रागाचं कारण मी. आईंनी ओसरीवरून सगळं ऐकलं होतं. प्रेत आणलं तेव्हा त्या वाड्यावरच्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुज्या तोंडान माझो झील गेलो." तेव्हापासून त्या माझ्या हातचं खात नाहीत. त्याच स्वयंपाकघरात, कोपऱ्यातल्या शेगडीवर, स्वतःची पेज स्वतः करतात. सत्तरीच्या बाईने वाकून शेगडी पेटवायची आणि मी बघायचं. मला त्या चूक वाटत नाहीत. बोलले होते मी.

आता मुद्द्याचं. श्राद्धाच्या दिवशी बाबली माडाखाली बसला होता. तो खाण सोडून मुरगावच्या धक्क्यावर कामाला लागल्यापासून दिसला नव्हता. निघताना त्याने विचारलं, वहिनी, अर्थांचा खेळ आता बंदच का? ते मनात राहिलं. ह्यांच्या वेळी शनिवारी संध्याकाळी आपण ओसरीवर किती हसायचो. कोशातला कुणालाच ठाऊक नसलेला शब्द ह्यांनी काढायचा, प्रत्येकाने चिठ्ठीवर खोटा अर्थ लिहायचा, ह्यांनी खऱ्यासकट सगळे सरळ तोंडाने वाचायचे, आणि खरा कोणता ते ओळखायचं. तू माहेरी आलीस की दोन दोन तास चालायचं. मी चौथी शिकलेली. पुढचं वाचायला मी त्या खेळात शिकले.

मला वाटतं तो टपालाने खेळावा. कोश माझ्याकडे आहे. शब्द मी काढीन. तू, तुझी समीक्षा आणि बाबली, तिघांनी कार्डावर खोटे अर्थ पाठवा. अक्षरावरून ओळखू नये म्हणून मी सगळे माझ्या हाताने उतरवून प्रत्येकाला पाठवीन. पहिला शब्द: तिवडा. घाटावरचा आहे, आपल्याकडे नाही. गोकुळदास भावजींना नमस्कार.

तुझी,
चंद्रावती वहिनी


पेडणे,
१ डिसेंबर १९८६

ती. वहिनीस सा. न.

तुमचं पत्र समीक्षेनेच आधी उघडलं आणि वाचून दाखवलं. तिला खेळाचं फार कौतुक. ती शाळेतही तेच करते, मास्तरांना खोटे अर्थ सांगून दोनदा अंगठे धरून उभी राहिली आहे. दादावर गेली आहे म्हणायचं.

तिचा अर्थ: "तीनदा उकडलेला तांदूळ, दुष्काळात खातात." माझा: "लग्नात रुसून बसलेल्या सोयऱ्यासाठी मांडलेला वेगळा पाट." असा पाट आमच्याकडे रोजच लागतो. राजभाषेच्या वादात आमचे हे मराठीच्या बाजूने सभा भरवतात आणि थोरले दीर कोकणीच्या बाजूचे. दोघे एका पंगतीला बसत नाहीत. भांडण दोघेही एकाच भाषेत करतात, ती कुठली ते तुम्ही ओळखा. मी दोनदा वाढते.

एक सांगू? खेळात बाबलीला नको घेऊया. त्याला लिहायचा कंटाळा, कार्ड टाकायला महिना लावेल. तुमच्या शेजारची तेजस्विनी कॉलेजात जाते, तिला घ्या. बाबली आला की तुम्हाला ते सगळं पुन्हा आठवणार. कशाला?

आईला माझा नमस्कार. तिला गुडघ्याचं तेल पाठवते आहे.

तुमची,
शेवंती


साखळी,
१० डिसेंबर १९८६

चि. शेवंती,

तेल पोचलं. आई लावून घेतात, तेजस्विनीकडून.

बाबलीवर तू उगाच ठपका ठेवलास. त्याचं कार्ड तुमच्या आधी आलं, पाच दिवसांत. मला न आठवायला काय उरलं आहे? आणि ह्यांच्याबरोबर अकरा वर्षं गाड्या हाकलेल्या माणसाला मी खेळाबाहेर ठेवू?

खाली चार अर्थ उतरवले आहेत. एक खरा. ओळखून कळवा. तू आणि समीक्षा, वेगवेगळं.

तिवडा.
एक. लग्नात रुसून बसलेल्या सोयऱ्यासाठी मांडलेला वेगळा पाट.
दोन. दुसऱ्याच्या जागी उभा राहून मरणारा, आणि कुणाच्या जागी उभा राहिला ते न सांगणारा.
तीन. खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. मळणीचे बैल याच्याभोवती फिरतात.
चार. तीनदा उकडलेला तांदूळ, दुष्काळात खातात.

दुसरा कुणाचा ते तुला कळेलच. बाबली सुधारला. पूर्वी कुठलाही शब्द दिला की त्याचा अर्थ मासळी नाहीतर काजूची दारू. हा अर्थ उतरवताना मी क्षणभर थांबले. वाटलं, हा कोशात असता तर शोभला असता. शाई पडली तेवढी पुसून घे.

तुझी,
वहिनी


पेडणे,
१७ डिसेंबर १९८६

ती. वहिनीस सा. न.

समीक्षेने तिसरा ओळखला. मी खेळत नाही.

वहिनी, तो दुसरा अर्थ काढून टाका. मुरगावच्या पत्रात पाठवला असेल तर असो, पण पुढे कुणाला दाखवू नका, आईसमोर तर वाचूच नका. बाबलीने असलं लिहायची गरज नव्हती. एकदा बोलायचं नाही असं ठरलं की माणसाने पाळावं. समीक्षेने तो वाचला आणि तिच्या बाबांना दाखवायला नेला. हे जेवणावरून उठले. तिला कळेना काय चुकलं.

तुम्ही त्याला काही विचारू नका. मी भेटल्यावर सांगेन. इथे रोज काही ना काही चालू आहे, रस्ते बंद होणार म्हणतात. ह्यांचा घरात पाय नाही.

तुमची,
शेवंती


साखळी,
५ जानेवारी १९८७

शेवंती,

तुझं पत्र नाताळानंतर हाती आलं. मध्ये बसगाड्या नव्हत्या, रस्त्यांवर झाडं पाडून टाकली होती, टपाल पणजीत अडकून पडलं. तुम्ही सगळे बरे आहात असं तेजस्विनीच्या भावाकडून कळलं.

तुझं पत्र आलं नसतं तर बाबलीचं वाक्य मी कधीच विसरून गेले असते. मला ते शोभेचं वाटलं होतं. खेळ आहे, त्यात माणूस काहीही लिहितो. पण तू लिहिलंस, बोलायचं नाही असं ठरलं. कुणाचं ठरलं? भावजी जेवणावरून का उठले?

मी आठ दिवस विचार केला. नळावर, गोठ्यात, देवासमोर. ह्यांनी गाडी घेतली ती बाबलीची होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात लपवण्यासारखं काय? मग ते वाक्य पुन्हा काढून वाचलं. दुसऱ्याच्या जागी उभा राहून. रागाने गेलेला माणूस कुणाच्या जागी उभा राहत नाही, शेवंती. जागा कुणीतरी दिलेली असते.

भेटल्यावर सांगेन म्हणालीस. तू भेटायला येशील असं मला वाटत नाही. म्हणून मी बाबलीला लिहिलं आहे. एकच ओळ लिहिली: त्या दिवशी तुला ताप होता का?

वहिनी


मुरगाव,
१८ जानेवारी १९८७

चंद्रावती वहिनीस, बाबलीचा नमस्कार.

वहिनी, मला ताप नव्हता.

पणजीत मराठीची सभा होती. पेडण्याचे गोकुळदास माणसं जमवत होते, मलाही ये म्हणाले. मला हौस. पण मुकादम त्या दिवसांत रजा देत नव्हता, बोटी भरायच्या होत्या. गाडी उभी राहिली तर मला काढून टाकणार. आदल्या दिवशी संध्याकाळी मी आणि रघू खाणीखालच्या नदीच्या धक्क्यावर बसलो होतो. मी म्हटलं, उद्या तुझी सुट्टी, माझी गाडी तू हाक, मी तापाचा निरोप पाठवतो. तो लगेच हो म्हणाला. मी विचारलं, वहिनीला काय सांगशील? त्यावर तो जे बोलला ते मी तसंच लिहितो. "तिका सांगूचा नाय. तिका खोटा बोलूक जमणा नाय, मुकादमान विचारल्यान तर खरा सांगून मोकळी. सकाळी ती कायतरी बोलतलीच. तेवढ्यार उठान येतंय."

म्हणजे तुम्ही काय बोललात त्यावर काही नव्हतं. तुम्ही काही बोलला नसता तरी तो गेला असता. बहुतेक तुम्ही बोलण्याचीच वाट बघत कोश घेऊन बसला असेल.

आता दुसरं. हे गोकुळदासांना आणि शेवंतीला ठाऊक आहे, खाणीवर कुणालाच नाही. माझ्या गाडीचा ब्रेक पहिल्या दाबाला लागत नसे. दोनदा दाबायचा. मला सवय झाली होती, पाय आपोआप दोनदा जायचा, म्हणून तक्रार लिहायची रोज राहत होती. रघूला ते सांगायचं राहिलं. तासभर बसलो होतो वहिनी. फुटबॉलचं बोललो, त्याच्या आईच्या गुडघ्यांचं बोललो. हे राहिलं. त्याने जोरात हाकली नाही. तो कधी हाकत नसे.

बारावं झाल्यावर मी पेडण्याला जाऊन दोघांना सांगितलं. मला तुम्हाला सांगायचं होतं. गोकुळदास म्हणाले, आता सांगून गेलेला परत येत नाही, तुझी नोकरी जाईल आणि सभेचं नाव बदनाम होईल. मी गप्प बसलो. ते त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. मला गप्पच बसायचं होतं.

श्राद्धाला आलो तेव्हा म्हातारी वेगळ्या शेगडीवर पेज शिजवताना बघितली. कुणी कारण सांगितलं. खेळात खोटं लिहायची मुभा असते म्हणून मी ते लिहू शकलो. सरळ लिहायला बसलो की हात चालत नव्हता. आज चालतो आहे, कारण तुम्ही विचारलंत.

तुम्ही हे पत्र कुणालाही दाखवा. मी नाही म्हणणार नाही.

बाबली


साखळी,
२५ जानेवारी १९८७

शेवंती,

बाबलीचं पत्र आलं. त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. ते खोटं कशाला बोलू. पाठीवरचा हारा कुणी उतरवून घ्यावा तसं वाटलं, आणि मी न्हाणीत जाऊन रडले. मग ह्यांचा राग आला. माझ्या बोलण्याची वाट बघत बसले होते. मी बोलणार हे गृहीत धरून. मी बोललेही. चेहरा असा केला की मला वाटावं मीच घालवलं. मेलेल्या माणसावर रागावून करणार काय? चुलीशी एकटी बोलत बसले. ब्रेकचं मात्र मी अजून नीट आठवू शकत नाही. ते वाक्य आलं की मी पत्र घडी करते.

बाबलीचं मी काय करावं ते माझं मी बघीन. तो एक गोष्ट सांगायची विसरला, आणि नंतर भ्यायला. तू विसरली नव्हतीस.

चवथीला आलीस, दिवाळीला आलीस, आई पडल्या तेव्हा आलीस, श्राद्धाला आलीस. चार वेळा. प्रत्येक वेळी आईंची शेगडी बघितलीस. एकदा तूच तिच्यात कोळसे घातलेस. रात्री माझ्याजवळ बसून म्हणालीस, वहिनी, मनाला लावून घेऊ नका, आई म्हातारी आहे. एक वाक्य बोलली असतीस तर आईंनी त्या दिवशी माझ्या हातची पेज घेतली असती. मी तुझ्यासाठी चांगली आहे असं तू म्हणायचीस. तुला माझं काय वाईट दिसलं होतं?

मी आईंना अजून सांगितलेलं नाही. त्या तुझ्या आई आहेत. तू येऊन सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना ते सोसेल, आणि तुलाही पुढे त्यांच्यासमोर बसता येईल. ८ फेब्रुवारीला रविवार आहे. तोपर्यंत मी थांबते. म्हापशाहून दहाची गाडी मिळते.

वहिनी


पेडणे,
३ फेब्रुवारी १९८७

ती. वहिनीस सा. न.

दोन कागद फाडून हा तिसरा लिहिते आहे.

मला तुमचं काही वाईट दिसलं नव्हतं. तुम्ही सोसाल एवढं दिसलं होतं. ते वाईट आहे, आता कळतं.

ह्यांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, तुझ्या भावाला मी मारला असं तुझी आई म्हणेल. आणि ती म्हणेलच वहिनी, तिला तुम्ही ओळखता. मराठीची सभा, कोकणीची सभा, तिला काय त्याचं. जावयाने बोलावलं म्हणून बाबली गेला आणि बाबली गेला म्हणून माझा झील गेला, एवढंच ती धरेल. आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, मलाही ठेवू देणार नाही. इथे दिरांशी बोलणं तुटलेलं. दादा नाही. मला जायला तेवढं एक घर आहे.

रोज सकाळी उठून ठरवायचे, आज लिहीन. मग वाटायचं, आणखी थोडे दिवस. आई किती दिवसांची? तिच्यानंतर तुम्हाला सगळं सांगून तुमचे पाय धरायचे असं ठरवलं होतं. वाचताना हे कसं दिसतं ते मला कळतं आहे.

बाबलीने पत्रात ह्यांचं नाव घातलं असेल तर ती ओळ सोडून वाचता येणार नाही का? बाकी सगळं सांगा. ताप नव्हता सांगा, ब्रेकचं सांगा, दादा आधीच ठरवून गेला होता ते सांगा. तुमच्यावरचा बोल तेवढ्यानेही जाईल. बाबली सभेला गेला म्हणा, कुणी बोलावलं ते तिला कुठे माहीत? तिला वाचता येत नाही.

रविवारी यायचा प्रयत्न करते. नक्की म्हणत नाही.

तुमची,
शेवंती


साखळी,
१२ फेब्रुवारी १९८७

शेवंती,

रविवारी मी लवकर उठले. तुला आवडतं म्हणून तिसऱ्यांचं सुकं केलं. आईंना मी सांगितलं की तू येशील. त्यांनी स्वतःहून तेजस्विनीला हाक मारून वेणी घालून घेतली. दहाच्या गाडीला मी स्टँडवर गेले, मग साडेअकराच्या. स्टँडवर माणसं पेपर घेऊन उभी होती, भाषेचा कायदा झाला त्यावर वाद घालत होती. कुणी म्हणत होतं जिंकलो, कुणी म्हणत होतं फसवलं. दोनच्या गाडीला मी तेजस्विनीला पाठवलं. आईंनी चारपर्यंत पेज केली नाही, तुझ्याबरोबर जेवायचं म्हणून. मग उठल्या आणि शेगडीत कोळसे घालू लागल्या. काडी तीनदा विझली. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "तू रव." मी जागीच उभी राहिले.

संध्याकाळी मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. ती ओळ सोडता आली असती. सोपं होतं. बाबलीच्या पत्रात भावजींचं नाव तीन जागी आहे, मी बोट ठेवून बघितलं. सोडून वाचलं तर वाक्यं जुळतात. आईंना कळलंही नसतं, आणि तुझं माहेर तुझ्याकडे राहिलं असतं. मी तुझं वाईट चिंतत नाही. बराच वेळ मी ते तसंच मनात वाचून बघितलं.

पण मग आईंना जे कळेल त्यातही काहीतरी लपवलेलं राहील, आणि ते लपवणारी मी असेन. आई पुढे तुझ्याकडे येतील, भावजींच्या हातून पाणी घेतील, आणि मी बघत बसेन, जशी तू बघत बसलीस. पंधरा महिने मी एका खोट्या गोष्टीखाली राहिले. दुसरी मी स्वतः बांधणार नाही. तुला हे कठोर वाटेल. मला दुसरं काही येत नाही.

आई काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही. ते तू त्यांच्याकडून ऐकायचं आहेस, आणि त्यासाठी तुला यावं लागेल. दार मी लावणार नाही. त्या लावतील की नाही ते मला ठाऊक नाही.

तू आली नाहीस तो रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईंना ओसरीवर बसवलं, चष्मा पुसला, आणि बाबलीचं पत्र पहिल्या ओळीपासून त्याच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं.

चंद्रावती